मदत हवी आहे : देणाऱ्याचीही आठवण ठेवणाऱ्या बालकथा

नमस्कार. आमच्या सोसायटीतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांना मी दर रविवारी गोष्टी वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात शेल सिल्व्हरस्टाइन यांची १९६४ सालची ‘द गिव्हिंग ट्री’ मराठीतून सांगितली. झाडाने एका मुलाला आधी सफरचंदे, मग घरासाठी फांद्या, पुढे होडीसाठी खोड असे सर्वस्व देऊन झाल्यावर, म्हातारा झालेला तो मुलगा उरलेल्या बुंध्यावर येऊन बसतो, तिथे मी थांबले, तर एका मुलीने विचारले, "पण त्याने झाडाला एकदाही पाणी का घातलं नाही?" मला उत्तर सुचले नाही, डोळ्यांसमोर आली ती करपलेली पोळी मुकाट्याने आपल्या ताटात ओढून घेणारी आमची आजी, जिला आम्ही कोणीच कधी ‘तू जेवलीस का?’ असे विचारले नव्हते.

(आपल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत दार इतके उशिरा उघडते, की तिला औदार्याची गोष्ट म्हणावे का, हा वेगळाच वाद.) निरपेक्ष प्रेम दाखवणाऱ्या, तरीही घेणाऱ्याला देणाऱ्याची जाणीव होते अशा, दहा-पंधरा मिनिटांत मोठ्याने वाचून होतील एवढ्या मराठी बालकथा कोणास ठाऊक असल्यास कृपया सुचवाव्यात. शेवटी तात्पर्य सांगणाऱ्या मात्र नकोत. तात्पर्य जवळ आले की मुले चुळबुळ करू लागतात.