कोबा आणि शहाबादी, दोन्हीवर गाडीच्या ऑईलचे डाग. काय करावं?

मृण्मयी_सातारा
आमच्या तळमजल्यावरच्या भाडेकरूंनी गेल्या महिन्यात जागा सोडली. त्यांची जुनी डिझेल जीप वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असायची आणि खाली ऑईल ठिबकायचं. जाताना "साफ करून देतो ताई" म्हणत त्यांनी डिझेलच्या बोळ्याने पुसलं. ताटाएवढा डाग होता, तो आता परातीएवढा झालाय! गेटपासून निम्म्यापर्यंत शहाबादी आहे, आत कोबा. डाग दोन्हीकडे.

सासूबाई म्हणतात संडासाचं अ‍ॅसिड ओत. नणंद म्हणते कोक ओत. मला दोन्ही पटत नाही, पण नाही म्हणायला कारण सुचत नाही. दिवाळीत तिथेच रांगोळी काढतो, म्हणून घाई आहे.

गॅरेजकाका_कोल्हापूर
कारण मी देतो. शहाबादी म्हणजे चुनखडक. अ‍ॅसिड पडल्यावर जे फसफसतं ती फरशीच विरघळत असते. सिमेंटचंही तेच. ऑईलला मात्र अ‍ॅसिड काही करत नाही. वरची गुळगुळीत साय जाते आणि पुढचं ऑईल आणखी खोल मुरतं. त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेतू शकतो. कोकमध्येही सौम्य अ‍ॅसिडच असतं, वर साखर. मुंग्या तेवढ्या येतील.

मुरलेला डाग घासून जात नाही, तो वर ओढून घ्यावा लागतो. रंगाच्या दुकानात व्हायटिंग पावडर आणि मिनरल टर्पेंटाइन मिळतं. दोन्ही कालवून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट करा आणि डागाच्या थोडं बाहेरपर्यंत बोटाच्या अर्ध्या जाडीने थापा. वर प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा, पण लेप लगेच खरवडू नका. खरं काम तो वाळताना होतं: टर्पेंटाइन उडत जातं आणि सुटं झालेलं ऑईल पावडरीत चढतं. पूर्ण वाळला की लाकडी पट्टीने काढा. लेप पिवळट-तपकिरी झाला असेल तर पुन्हा लावा.

टर्पेंटाइन पेट घेतं. त्यामुळे जवळ उदबत्ती, बिडी, वेल्डिंग काही नको. हातमोजे घाला. खरवडलेला माल उघड्यावर वाळवून कचऱ्यात द्या, गटारात किंवा बोअरच्या आसपास नको.

सोडावाली_आजी
एवढं कशाला? गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला. तेलाचा साबण होतो नि वाहून जातो. आमच्या मोरीतला तेलकटपणा तसाच जातो.

गॅरेजकाका_कोल्हापूर
आजी, मोरीतलं तेल शेंगदाण्याचं, त्याचा होतो थोडाफार साबण. इंजिन ऑईल खनिज तेलाचं, त्याचा कधीच होत नाही. पण सोडा नि कपड्याची पावडर वरचा चिकट थर सुटा करतात, म्हणून लेपाच्या आधी त्याने घासून घ्यायला हरकत नाही. ब्रश नायलॉनचा घ्या. तारेच्या ब्रशाचे कण राहिले की गंजून लाल ठिपके पडतात. घासल्यावर पाणी भुशात टिपा आणि फरशी कोरडी होऊ द्या. ओल्यावर लेप लावून उपयोग नाही.

पेव्हर_पुणे
आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत. डागाळलेले उपटून उलटे बसवले, झालं. खालची बाजू साधी करडी असते एवढंच. प्रेशर वॉशर मात्र मारू नका, सांध्यांतली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात.

मृण्मयी_सातारा
काका, खूप उपयोग झाला. अ‍ॅसिडचं सासूबाईंना वाचून दाखवलं. "फरशी विरघळते" ऐकल्यावर त्याच म्हणाल्या, राहू दे. शहाबादी उलटी करता येईल का? आणि नव्या भाडेकरूंकडेही जुनी बुलेट आहे.

गॅरेजकाका_कोल्हापूर
शहाबादीची खालची बाजू ओबडधोबड असते, उलटी नका करू. दोन-तीन लेपांनंतरही सावली राहिली तर तेवढी फरशी बदला, गवंड्याचं छोटं काम आहे. पण सुरुवात कोब्यापासून करा, तीही आधी कोपऱ्यातल्या लहान डागावर.

बुलेटखाली रात्री पुठ्ठा ठेवा. काळं पडलं तर इंजिन ऑईल, आणि थेंब कुठे पडला त्यावरून गळती कुठली ते मेकॅनिकला कळेल. बऱ्याचदा ड्रेन बोल्टचा वॉशर नाहीतर गास्केट निघतं. भाडेकरार व्हायच्या आधीच ट्रेचं बोलून घ्या. पत्र्याचा ट्रे, त्यात भुसा.