बेने इस्रायलींना ‘आपले’ म्हणायचे की नाही?

सडेतोड: इस्रायलमधील अश्दोद, दिमोना येथील बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी ज्यूंची, तिसरी पिढी हिब्रू बोलते, तिथल्या सैन्यात जाते, तेव्हा त्यांना ‘आपले मराठी’ म्हणून मिरवणे भाबडेपणाचे आहे, असे ‘तिऱ्हाईत’ यांनी काल लिहिले, ते वाचून राहवले नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) याच लोकांच्या विवाहांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान काढले होते, आणि निदर्शने झाल्यावर १९६४ मध्ये संसदेला हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर करावे लागले. तिकडे ज्यूपणाचा दाखला, इकडे मराठीपणाचा. या माणसांनी दाखले तरी किती जणांना दाखवायचे?

तिऱ्हाईत: दाखला मी मागितलेला नाही. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा (ज्यूंची वल्हांडण सणाची पोथी) छापणाऱ्या समाजाच्या पणतवंडांना देवनागरी वाचता येत नसेल, तर वारसा उरला कुठे? मलिद्यात?

नवगावची लेक: होय, मलिद्यातच! भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळांचे काप आणि एलियाहू हन्नबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, नाव. साखरपुडा असो वा नवसफेड, आमच्या घरी याशिवाय पान हलत नाही. इस्रायलमधल्या लोदच्या माझ्या मावशीसाठी आम्ही आजही अलिबागचे पातळ पोहे पाठवतो.

अष्टागरकर: मलिदा दर्ग्यावरही असतो. मग हा वारसा नक्की कुणाचा?

नवगावची लेक: दर्ग्यावर चपाती कुस्करून गूळ-तूप घालतात, आमचा पोह्यांचा असतो. कल्पना शेजाऱ्यांकडून आली असेलही. दोन हजार वर्षे कोकणात राहिल्याचे सांगणारे लोक शेजाऱ्यांकडून काहीच न घेता राहिले असतील काय?

अष्टागरकर: दोन हजार वर्षे ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. आणि पोह्यांच्या मलिद्यात गूळच हवा. साखर ही मुंबईला गेल्यावरची थेरे.

नवगावची लेक: माझ्या आजीच्या हातचे आपण खाल्लेले नाही, तेव्हा थेरे कुणाची हे शिकवू नये.

सडेतोड: मूळ प्रश्न बाजूला पडला. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणाने ‘शनवार तेली’ म्हटले, पेणच्यांनी पेणकर आणि रोह्याच्यांनी रोहेकर आडनाव लावले. तेव्हा या दोन ओळखी एकत्र नांदल्या, मग आताच एक पुसली पाहिजे हा हट्ट कशासाठी?

तिऱ्हाईत: गूळ की साखर यावर इतक्या त्वेषाने भांडणारी माणसे मराठी आहेत, एवढे मान्य करतो. त्यांच्या नातवंडांनी हेच भांडण हिब्रूत केले, तर मात्र माझे म्हणणे कायम राहील.

नवगावची लेक: मावसबहिणी हिब्रूतच भांडतात. त्यांच्या मते गूळ.