राजा हाकलून दिला आणि मग रोम वाढलं, हे जमलं कसं?

नागनदीकाठी:
मंडळी, एक प्रश्न खूप दिवसांपासून डोक्यात घोळून राहिला आहे. रोम म्हटलं की आपण सीझर, ग्लॅडिएटर आणि लगेच सम्राट, इथंच पोचतो. त्याच्या आधीची पाचशे-सातशे वर्षं कुठं गेली याचा काही पत्ताच नसतो. मी दिवसभर अभ्यासिकेत बसणारा माणूस, हे सिलॅबसमध्ये नाही हे मला माहीत आहे, तो सल्ला कृपया नको.

आता आपल्या नागपूरचं गणित समजते. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं बारा खेडी जोडून शहर वसवलं, पुढं रघुजी भोसल्यांनी राजधानी केली, म्हणजे मागे दमदार राजा होता म्हणून गाव मोठं झालं. रोमचं उलटंच दिसते. आधी सात राजे, मग इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या टार्क्विनला हाकललं, आणि त्यानंतर दर वर्षी दोन नवे कॉन्सल म्हणजे राजाच्या जागचे सर्वोच्च अधिकारी, एकानं हो म्हटलं की दुसरा नाही म्हणू शकते, वर ते सेनेट, म्हणजे बड्या लोकांची सभा, बसलेलं. अशा कारभारात एक निर्णय धड होऊ नये, आणि यांनी अडीचशे वर्षांत पो नदीच्या खालची सगळी इटली घेतली. शेजारी एट्रुस्कन होते, ग्रीक वसाहती होत्या, डोंगरात सॅमनाइट होते, कोणी यांच्यापेक्षा श्रीमंत तर कोणी दांडगे. मग रोमच काऊन? फौज शिस्तीची होती एवढंच उत्तर देऊ नका, शिस्त स्पार्टाकडे पण होती.

संत्राबर्फी:
भाऊ आधी नकाशा उघडा. टायबर नदी, समुद्रापासून साधारण २५ किलोमीटर आत, नदीत एक बेट, आणि त्या बेटापाशी नदी ओलांडायला सोपी. मुखाशी मिठागरं, तिथलं मीठ डोंगरातल्या सबाइन लोकांकडे जायचं ते याच वाटेनं. वर एट्रुस्कन, खाली कॅम्पानिया, दोघांची ये-जा पण इथूनच. म्हणजे काही न करता गावात माल आणि माणसं येत होती.

पॅलेटाइन टेकडीवर खडकात खणलेले गोल खड्डे सापडले आहेत, झोपड्यांचे खांब रोवायचे ते, इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचे. लांडगीनं पाजलेल्या जुळ्यांची गोष्ट आणि शहर वसल्याचं ते इ.स.पू. ७५३ साल बाजूला ठेवा, पण त्या सुमारास टेकडीवर वस्ती होती हे पक्कं. टेकड्यांच्या मधे दलदल होती, तिच्या कडेला लोक मढी पुरायचे, पुढं त्यात भराव टाकला, पाणी काढून द्यायला मोठा नाला केला आणि तिथंच फोरम झालं. वरच्या वाड्या खाली एका चौकात आल्या, झालं शहर. माझ्या मते अर्धं उत्तर इथंच आहे.

महालचा_म्हातारा:
जागेनं गाव पोटापाण्याला लागते बाप्पा, इटली हातात येत नाही. व्हेईची जागा काय वाईट होती? रोमपासून पंधरा-सोळा किलोमीटर, नदीपलीकडे, उंच कड्यावर, आणि चांगलं सधन एट्रुस्कन शहर. ते रोमनं इ.स.पू. ३९६ मध्ये घेतलं. लगेच काही वर्षांत उत्तरेकडून गॉल टोळ्या आल्या, आलिया नावाच्या ओढ्यापाशी रोमन फौज अशी पळाली की गॉल सरळ शहरात, लूट केली, जाळपोळ केली, सोनं मोजून घेतलं आणि गेले. दुसरं कोणतं गाव असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. यांनी काय केलं तर शहराभोवती अकराएक किलोमीटरची भिंत बांधायला घेतली, आणि दगड कुठला, तर बराचसा जिंकलेल्या व्हेईकडच्या खाणीतला. तिचा एक लांबलचक तुकडा आजही रोमच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाबाहेर उभा आहे, पिवळसर चिरे एकावर एक.

पण माझ्या मते खरी गोष्ट इ.स.पू. ३३८ ची आहे आणि तिच्याकडे कोणी पाहतच नाही. रोमच्या आजूबाजूची लॅटिन शहरं, जुनी दोस्त, एकच भाषा, तीच यांच्याविरुद्ध उठली आणि दोन-तीन वर्षांत हरली. अशा वेळी जिंकणारा काय करते, जाळते नाहीतर खंडणी बसवते. रोमनं एकेका गावाला वेगळं बोलावून वेगळा हिशोब केला. लानुव्हियम, अरिसिया यांना पूर्ण नागरिकत्व, म्हणजे हरलेला माणूस सकाळी उठला तर रोमन झालेला. खाली कापुआकडच्या लोकांना नागरिकत्व दिलं पण मत नाही. टिबुर आणि प्रेनेस्टेची जमीन कापली आणि दोस्त म्हणून ठेवलं. अँटियमची तर जहाजंच काढून घेतली आणि त्यांच्या चोची आणून फोरममधल्या भाषणाच्या ओट्याला ठोकल्या. आणि यातली मेख अशी, की बाकीच्या लॅटिन गावांना आपसात लग्नसंबंध बंद, व्यवहार बंद, एकत्र सभा बंद. जे काय करायचं ते रोमशी. पुन्हा सगळे मिळून उठतील कसे?

आता हे आपल्या भोसल्यांशी ताडून पहा. रघुजींनी बंगालवर स्वाऱ्यांवर स्वाऱ्या केल्या, १७५१ च्या तहात अलीवर्दी खानानं वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली. पैसा ठरला, पण नागपूरवर संकट आलं तर मुर्शिदाबादचा शिपाई इकडं धावून येणार होता का? चौथ देणारा दर वर्षी फक्त हेच पाहते की यंदा कशी बुडवता येईल. रोमनं इटलीतल्या दोस्तांकडून वार्षिक कर घेतलाच नाही. माणसं घेतली. लढाई निघाली की ठरलेले इतके शिपाई पाठवा, पगार त्यांचा तुम्ही द्या, सेनापती आमचा, आणि लुटीत तुमचाही वाटा. प्रत्येक विजयानंतर पुढच्या लढाईची फौज वाढत गेली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं इ.स.पू. २२५ चा आकडा दिला आहे, रोम आणि दोस्त मिळून शस्त्र धरू शकणारे सात लाखांवर पायदळ आणि सत्तर हजार घोडेस्वार. तेव्हाच्या जगात एवढी माणसं फार थोड्यांकडे होती.

म्हणून तर एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस यानं २८० आणि २७९ मध्ये लागोपाठ दोन लढाया जिंकल्या, हत्ती आणून जिंकल्या, तरी युद्ध हरला. त्याचे मेले ते ग्रीसहून आणलेले कसलेले शिपाई, त्यांच्या जागी कोण येणार? यांचे मेले की पुढच्या उन्हाळ्यात दुसरे हजर.

खामलावाला:
एक नंबर लिहिलं काका. फक्त कॅनी राहिली ना.

महालचा_म्हातारा:
राहिली नाही, हात दुखून राहिले होते. दक्षिण इटलीतली कॅनीची लढाई, इ.स.पू. २१६, ऑगस्टची सुरुवात. आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हनिबल, त्यानं मधली फळी मुद्दाम मागे सरकू दिली, रोमन पायदळ आत आत घुसत गेलं आणि दोन्ही बाजूंनी मिटलं. कमीत कमी आकडा धरला तरी एका दिवसात पन्नास हजारांच्या घरात माणूस गेला, पॉलिबियस तर सत्तर हजार म्हणते. त्याआधी ट्रेबिया आणि ट्रासिमीनचे पराभव झालेलेच होते. नंतर हनिबलनं तहासाठी माणूस पाठवला तर त्याला भेटसुद्धा नाही, आपल्याच कैद्यांना पैसे देऊन सोडवायला नकार, आणि आठ हजार गुलाम सरकारनं विकत घेऊन त्यांच्या हातात शस्त्र दिलं. हनिबलचा सगळा डाव दोस्त फुटतील यावर होता. कापुआ फुटलं, टॅरेंटम फुटलं, दक्षिणेकडचे बरेच गेले. पण मधल्या इटलीतलं एकही लॅटिन शहर गेलं नाही. २०९ मध्ये तीसपैकी बारा लॅटिन वसाहती म्हणाल्या की आता आमच्याकडे ना माणूस उरला ना पैसा, पण त्याही हनिबलकडे गेल्या नाहीत. हनिबल शेवटी हरला ती झामाची लढाई २०२ मध्ये झाली, पण मी म्हणतो निकाल आधीच लागला होता.

उमरेड_रोड:
काका तुमचं वाचून असं वाटून राहिलं की रोम म्हणजे मोठा दिलदार माणूस होता. थोडं दुसऱ्या बाजूनं पण पाहा ना. तुम्ही दोस्तांकडून फक्त शिपाई घेता, पैसा नाही, म्हणजे ज्या वर्षी लढाई नाही त्या वर्षी तुम्हाला त्या दोस्तीचा काहीच फायदा नाही. मग काय करणार, दर वर्षी लढाई काढणार. कॉन्सलकडे पण एकच वर्ष, त्यात विजयाची मिरवणूक निघाली पाहिजे, घराण्याचं नाव झालं पाहिजे, तर तो काय शांत बसते का? जानसच्या देवळाचं दार शांतता असली की बंद करायची रीत होती, नुमा राजानंतर ते पहिल्यांदा बंद झालं इ.स.पू. २३५ च्या सुमारास, पहिलं कार्थेज युद्ध आटोपल्यावर, आणि ते पण थोडेच दिवस. पुढं थेट ऑगस्टस. यावरून समजून घ्या.

आणि नागरिकत्व सगळ्यांना नाही मिळालं. व्हेईचे लोक विकले. १६७ मध्ये एपिरसमध्ये सत्तर गावं लुटून दीड लाख माणसं गुलाम म्हणून विकली, आणि त्याच वर्षापासून रोमच्या नागरिकांना थेट कर माफ, मॅसिडोनियाचा खजिना आला होता ना. १४६ मध्ये कार्थेज आणि कोरिंथ एकाच वर्षी जमीनदोस्त. इटलीत एक हिशोब आणि समुद्रापलीकडे दुसरा. तुमची चौथ तिथं होतीच, सिसिलीचा दशमांश धान्य कर म्हणजे दुसरं काय.

नागनदीकाठी:
दोघांचंही पटलं, पण माझा अर्धा प्रश्न तसाच आहे. बाहेरचं समजलं. आत तर हे लोक सारखे भांडत होते, पॅट्रिशियन म्हणजे जुनी बडी घराणी आणि प्लेबियन म्हणजे बाकीचे नागरिक, ते कर्जाचं, ते संपाचं. घरात आग लागली असताना बाहेर जिंकत कसे होते?

ताई_धंतोलीची:
घरातलं भांडण मिटवल्याशिवाय बाहेर जाताच येत नव्हतं, म्हणून. फौज म्हणजे शेतकरीच. स्वतःची ढाल, स्वतःचा भाला घेऊन येणारा. तो लढाईवर गेला की शेत पडीक, परत आला की सावकार दारात, आणि कर्ज फिटलं नाही तर माणूस स्वतःच सावकाराकडे बांधला जायचा. इ.स.पू. ४९४ मध्ये या लोकांनी काय केलं, तर शहराबाहेर काही मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनात मोर्चा विधानभवनाकडे चालत येतो, यांचा उलटा, शहर सोडून निघाला. शत्रू आला तर लढणार कोण? सेनेटला वाटाघाटी कराव्याच लागल्या. त्यातून ट्रिब्यून आले, प्लेबियनांनी निवडलेले, सरकारी कामाला जागेवर नाही म्हणायचा अधिकार, आणि त्यांच्या अंगाला हात लावणं म्हणजे महापाप.

पुढं दीड-दोनशे वर्षं हेच चाललं, थोडं थोडं करून. ४५० च्या आसपास कायदा बारा पाट्यांवर लिहून चौकात लावला, ३६७ मध्ये कॉन्सलपद प्लेबियनांना खुलं, ३२६ मध्ये कर्जापायी माणूस बांधणं बंद, २८७ मध्ये प्लेबियन सभेचा ठराव सगळ्यांना लागू. एकदम काहीच दिलं नाही, प्रत्येक वेळी अडून बसावं लागलं. आणि याला लोकशाही म्हणायची घाई नको. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट, एका गटाला एक मत, आणि त्यातले ९८ घोडेस्वार आणि पहिल्या वर्गाचे म्हणजे पैसेवाल्यांचे. ते एकमतानं असले की बहुमत झालं, खालच्यांची मोजणीच होत नसे. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून एक गट, १९३ पैकी. बाया आणि गुलाम तर हिशोबातच नाहीत.

आणि एक, सुरुवातीची सालं आणि भाषणं फार घट्ट धरू नका. रोमन इतिहासकार लिव्हीनं हे लिहिलं ते चारशे-पाचशे वर्षांनी, ऑगस्टसच्या काळात. ४९४ च्या टेकडीवर कोण काय बोललं हे त्याला कुठून कळणार? चौकट बरी आहे, आतले संवाद त्याचे.

नागनदीकाठी:
ताई, एकदम क्लियर. आता शेवटचं विचारतो, हे मॉडेल एवढं भारी होतं तर बिघडलं कुठं?

उमरेड_रोड:
जिथं सुरू झालं तिथंच. दोस्त म्हणाले, आम्ही तुमच्यासाठी आल्प्सपासून आफ्रिकेपर्यंत मरतो, आता आम्हालाही नागरिकत्व द्या. रोम दोनशे वर्षांपूर्वी जे फटाफट वाटत होतं त्यात आता हात आखडता, कारण आता नागरिक म्हणजे करमाफी, जमीनवाटप, सगळं आलं. इ.स.पू. ९१ मध्ये दोस्तांनी बंड केलं, कॉर्फिनियमला राजधानी केली, तिचं नाव इटालिका ठेवलं, स्वतःची नाणी पाडली. एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगानं भोसकून राहिला आहे. दोन्ही बाजूंचे शिपाई एकाच पद्धतीनं शिकलेले, काल एकाच छावणीत जेवणारे. भयंकर युद्ध झालं आणि मग ९० आणि ८९ च्या कायद्यांनी रोमनं शेवटी नागरिकत्व दिलंच.

महालचा_म्हातारा:
बरोबर, पण दिलं ते कागदावर. मतपेटी मात्र हलली नाही. मत द्यायचं तर माणसानं स्वतः रोमला यायचं, तेही मतदानाच्या दिवशी. इटलीच्या टोकाला राहणारा शेतकरी महिनाभर पायी चालून येणार आहे का? येणार तो ज्याच्याकडे वेळ आणि पैसा, नाहीतर जो आधीच शहरात पडीक. कारभार एका गावाचा आणि पसारा स्पेनपासून आशियापर्यंत. आणि फौजेला पगार, जमीन मिळवून देणारा आता सेनेट नव्हता, सेनापती होता. मारियस, सुला, पाँपे, सीझर. सुलानं ८८ मध्ये आपली फौज घेऊन रोमवर चाल केली तेव्हाच ते कळायला पाहिजे होतं, सीझरनं फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडली ते तर ४९ चं. सीझरवर स्वतंत्र धागा काढा, तिथं बोलू, इथं आधीच खूप लांबलं.