ओबोची चाचणी आणि जुने खड्डे
दुसऱ्या महायुद्धात ओबो, म्हणजे जमिनीवरून रेडिओ सिग्नल देऊन विमानाला लक्ष्यापर्यंत नेणारी यंत्रणा, आल्यावर ब्रिटिशांचे बॉम्ब नेमके पडू लागले, असं म्हणतात. खरं आहे, पण तो नेमकेपणा मोजायचा कसा, हीच मोठी डोकेदुखी होती.

वैमानिकांच्या शब्दावर विसंबणं १९४१च्या बट अहवालानंतर (ब्रिटिश बॉम्बहल्ले किती अचूक होतात, याची ती तपासणी) शक्यच नव्हतं. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लक्ष्याच्या ५ मैलांच्या आत पोचला होता, जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागावर तर दहातलं एक. हे कळलं विमानातूनच काढलेल्या फोटोंवरून.

म्हणून ओबोचा नेम पडलेल्या खड्ड्यांच्या फोटोंवरून जोखायचा होता. प्रत्यक्ष हल्ल्यातली त्याची पहिली परीक्षा थेट शत्रूच्या ताब्यातल्या हद्दीत झाली. २० डिसेंबर १९४२च्या रात्री सहा मॉस्किटो विमानं हॉलंडमधल्या लुटराडेच्या वीजकेंद्रावर गेली. तिघांची यंत्रणा बिघडली, तिघांनी बॉम्ब टाकले. पुढे टेहळणीच्या फोटोंत पाहतात तर सगळीकडे खड्डेच खड्डे! ऑक्टोबरमध्ये आखेन या जर्मन शहरावर निघालेल्या विमानांनी चुकून तिथेच बॉम्ब ओतले होते. आता यातले ओबोचे कुठले, ते कसं ओळखणार? जुन्या नेमबाजीनं नव्या नेमबाजीचा पेपरच बिघडवला म्हणायचा.

शिवाय सिग्नल इंग्लंडमधल्या दोन केंद्रांवरून यायचे, त्यामुळे चूक विमानातली की जमिनीवरची, हेही वेगळं काढावं लागे.