खाऱ्या वाऱ्यात गाडी सेल्फ घेत नाही: तुमचा अनुभव सांगा

श्रावणातली गोष्ट. आईला कुडाळला रेल्वेवर सोडायचं होतं, म्हणून मालवणातून पहाटेच निघणार होतो. बाईकचा सेल्फ दाबला तर नुसता ‘टक्’. हेडलाईट मात्र छान पेटलेला. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला आणि आईची रेल्वे चुकली. त्याआधी महिन्याभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. ज्या गॅरेजात बदलल्या तिथे एकदाही कुणी व्होल्ट मोजायचा मीटर लावला नाही, याचा मला अजून राग येतो.

शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गाडी ढकलत नेली. ते म्हणाले, “बॅटरी बदलूची घाई करू नको. आदी अर्थिंग बघ.” अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनला येणारी काळी वायर.

बॅटरीवर मीटर धरला तर १२.७ व्होल्ट. मला सेल्फ दाबून धरायला सांगितलं, तेव्हा १२.४. “बॅटरी पडाक नाय, म्हणजे करंट जातच नाय.” मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि पुन्हा सेल्फ. मीटरवर ५.८! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. बॅटरीतले जवळजवळ निम्मे व्होल्ट त्या एका काळ्या वायरीतच खर्च होत होते. वायर इंजिनला जिथे कसलेली होती तो दहाच्या पान्याचा बोल्ट सोडला. वरून सगळं काळं, स्वच्छ. वायरीच्या टोकाची कडी उलटी केली आणि खाली हिरवट-पांढरी भुकटी, ओल्या मिठासारखी बोटाला चिकटणारी. कडी आणि इंजिनची जागा दोन्ही पॉलिश पेपरने लख्ख केली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलिन. पहिल्याच दाबाला इंजिन सुरू.

दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच. पण आपल्या किनाऱ्यावर हे घरोघरी होत असणार. तुमच्या गाडीत दोष कुठे निघाला आणि तो कसा सापडला, ते सविस्तर लिहा.

रत्नागिरीहून

माझ्याकडे उलटं झालं. सेल्फ दाबला की रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) ‘कटकटकट’ करायचा आणि स्पीडोमीटरचे दिवे मालवायचे. उभ्या गाडीत बॅटरी १२.५ दाखवत होती म्हणून मी तिला दोष देईना. अर्थिंग घासलं, टर्मिनल घासले, काही फरक नाही. मग सेल्फ दाबलेला असताना मोजलं तर थेट ७. चांगली बॅटरी त्या वेळी साधारण दहाच्या खाली जात नाही. बॅटरी खरोखरच गेली होती. नुसत्या उभ्या गाडीच्या आकड्यावर विसंबू नका.

हर्णैहून

मी बंदरावरून मासळी नेतो, गाडी रोज वाळूत आणि खाऱ्या पाण्यात. एक दिवस सेल्फला आवाजच नाही, ‘टक्’ सुद्धा नाही. असं असेल तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), न्यूट्रलचा दिवा, क्लच आणि साईड स्टँडचा स्विच बघा. माझ्या स्टँडच्या स्विचमध्ये वाळू आणि मासळीचं पाणी सुकून घट्ट बसलं होतं. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला.

मीटर नसेल तर जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून घ्या. सेल्फ दाबल्यावर रिलेच्या बारीक वायरीला करंट येतो की नाही हे त्यावरही कळतं. ईसीयूच्या (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या) वायरींना मात्र तो बल्ब लावू नका.

गुहागरहून

बॅटरी चार्ज करून आणली की दोन दिवस चाले, तिसऱ्या दिवशी धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीतून उतरताना बंद. दाभोळ ते धोपावे इंजिन बंदच असतं, त्यामुळे उतरताना मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत ढकलायची.

इंजिन रेस करून बॅटरीवर मोजलं. साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत, येत होते १२.२. म्हणजे चार्जिंगच नाही. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाईट बंद करता येत नाही, त्यामुळे चार्जिंग थांबलं की बॅटरी फार टिकत नाही. वीज बनवणाऱ्या मॅग्नेट कॉईलच्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (प्लास्टिकचा जोड) सोडून, इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर मोजलं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखाच, आणि इंजिन बंद करून बघितलं तर वायर ते बॉडी जोड नाही, म्हणजे कॉईल चांगली. दोष हातातच होता. त्याच कपलरची एक पिन तपकिरी पडून भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. खाऱ्या हवेने पिन गंजली, गंजामुळे तापली. नवा कपलर टाकला, रेक्टिफायर (एसीचा डीसी करून बॅटरी चार्ज करणारा डबा) जुनाच आहे.

वेंगुर्ल्याहून

मी शाळेत शिकवते, रोज बावीस किलोमीटर गाडीवर. सेल्फ जोरात फिरायचा पण इंजिन पकडत नव्हतं. गाडी इंजेक्शनची. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ आवाज येतो, तो आलाच नाही. फ्यूज शाबूत. सीट काढली तर खाली गवताचं घरटं आणि पंपाची वायर कुरतडलेली. भातकापणीनंतर उंदीर घराकडे येतात, हे आपल्याला माहीत असतं. गाडीच्या सीटखाली बघायचं सुचत नाही.

देवगडहून

जुन्या किकवाल्यांसाठी. पावसात गाडी बंद पडली तर प्लगची कॅप काढून आत बघा. माझ्यात पाण्याचा थेंब आणि हिरवा गंज होता. दुसरं, व्हॅसलिन बोल्ट कसल्यावरच लावा. आधी जाड थर लावला की जोड नीट बसत नाही, मी दोन वेळा हा त्रास काढलाय.

डोंबिवलीहून, गाव गणपतीपुळ्याजवळ

गाडी गावी असते, गणपती ते शिमगा कुणी हात लावत नाही. आता निघताना बॅटरीची वायर सोडून येतो. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते. मालवणच्या मित्रा, तुझं अर्थिंग पुन्हा मोजलंस का?

मालवणहून

काल मोजलं. एक पावसाळा गेला, ०.१५ आहे. आज बोल्ट उघडून परत घासतोय.