गटारीचा बेत: कलेजी-पेटा

मेघा: काकू, रविवारी गटारीला दहाजण आहेत. कोंबडी-वड्यांसोबत कलेजी आणि पेटा (कोंबडीचं जठर) यांचं सुकं करायचंय. किती आणू?

सुनंदा काकू: तोंडी लावायला सव्वा किलो पुरे. पाऊण किलो पेटा, अर्धा किलो कलेजी. एका कोंबडीत दोन्ही एकेकच निघतात, त्यामुळे गटारीला ऐनवेळी मिळेलच असं नाही. चिकनवाल्याला शनिवारीच सांगून ठेव, आणायचं मात्र रविवारी सकाळी. कलेजी फार टिकत नाही.

प्रकाश काका: कलेजी गडद तांबडी असो की फिकट पिवळसर, दोन्ही चालतात. फिकटपणा चरबीमुळे येतो. बुळबुळीत किंवा वास येणारी घेऊ नकोस. हिरवा डाग दिसला तर ते पित्त. पित्ताची पिशवी कलेजीला चिकटलेली असते, काढताना फुटली की आजूबाजूचा भाग हिरवा पडतो. तेवढा भाग सढळ हाताने कापून टाक. धुऊन कडूपणा जात नाही, आणि असा एक तुकडा सगळा रस्सा बिघडवतो.

मेघा: पेटा साफ करूनच देतात ना?

प्रकाश काका: गर्दीच्या दिवशी अर्धवटच. कोंबडीला दात नसतात, दाणे आणि बारीक खडे पेट्यातच दळले जातात. म्हणून आतून पिवळी जाड साल असते. प्रत्येक पेटा उघडून बघ. सालीची कड नखाने उचल आणि ओढून काढ. मग मीठ-हळद चोळून धू. साल राहिली तर कितीही शिजवलं तरी चामडं, आणि वाळू राहिली तर दाताखाली कचकच.

अनिकेत: सगळं एकदम कुकरला लावलं तर?

सुनंदा काकू: अजिबात नको रे! बहुतेक घरी इथेच बिघडतं. पेटा म्हणजे सतत राबणारा स्नायू, तो मऊ व्हायला वेळ लागतो. कलेजी पाच-सात मिनिटांत होते, त्यापुढे ती कोरडी, भुसभुशीत होते. एकत्र लावलं की कलेजीचा भुगा होतो, आणि तिच्यासाठी लवकर उतरवलं तर पेटा रबरासारखा राहतो.

मेघा, पेट्याचे दोन-दोन तुकडे कर. हळद, मीठ, चमचाभर आलं-लसूण आणि दीड वाटी पाणी घालून कुकरला लाव. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर 20 मिनिटं. गावरान असेल तर 35. पाणी टाकू नकोस, सगळी चव त्यातच असते.

कढईत 4 मोठे चमचे तेल, 4 कांदे तांबूस परत. त्यात 3 चमचे हिरवं वाटण, 3 चमचे घरचा मसाला आणि पाऊण वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण. तेल सुटलं की पेटा आणि त्याचं पाणी घालून आटू दे. शेवटी कलेजी.

मेघा: कलेजी तेलात उडते खूप.

सुनंदा काकू: ओली असते म्हणून. फडक्याने टिपून घे, मसाल्यावर पसर आणि झाकण ठेव. सात मिनिटांत एकदाच उलट, सारखी ढवळलीस तर फुटते. सगळ्यात जाड तुकडा कापून बघ. आत रक्त किंवा गुलाबी रंग दिसला तर अजून दोन मिनिटं. कच्चट कलेजी पोटाला बाधते. झाली की लगेच गॅस बंद, वरून 4 आमसुलं.

अनिकेत: आणि सोबत दिल (कोंबडीचं हृदय) आणि माना आल्या तर?

प्रकाश काका: दिलाच्या वरच्या नळ्या काप, मधून चिरून साकळलेलं रक्त धुऊन काढ. पेटा कढईत घालशील तेव्हाच घाल. माना आळणी रश्शाला ठेवा.

वैशाली आत्या: स्नेहाला दिवस आहेत, तिला कलेजी देऊ नका. त्यात जीवनसत्त्व अ फार असतं, पोटातल्या बाळाला ते जास्त होऊन चालत नाही. आप्पांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे, त्यांनाही कलेजी-पेटा नको. दोघांना साधं चिकन वाढा.

मेघा: शनिवारी काय करून ठेवू?

सुनंदा काकू: दोन्ही वाटणं. पेटा रविवारी सकाळी आणलास की लगेच कुकरला लाव. कलेजी फ्रिजमध्ये राहू दे, पहिला वडा तेलात सोडलास की कढईत घाल.