ए विंगची तुळस, रोहनची कॉफी आणि कोजागरीचे दीडशे

(सोसायटीचा ग्रुप, मांजलपूर, बडोदा)

शुभांगीताई ए-१०४, सकाळी ७:०२
सुप्रभात. सकाळी सकाळी तोंड उघडायचं नव्हतं, पण आता बोलतेच. ६:३५ ला मी ओट्याखाली रांगोळी काढत होते. पांढरी संपली म्हणून वाटी भरायला आत वळले, तेवढ्यात मागे धाडकन आवाज. ए-३०३ ची गाडी ओट्याला येऊन टेकलेली. तुळशीची कुंडी फुटली, अर्ध्या रांगोळीवरून टायर गेलाय. मी आत वळले नसते तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

हेतलबेन बी-१०१, ७:०६
अरे बापरे! ताई, तुम्हाला लागलं नाही ना?

शुभांगीताई ए-१०४, ७:०७
मला नाही. हात अजून थरथरतोय.

केळकरकाका खजिनदार, ७:१०
हरी ओम. कोजागरीची वर्गणी घरटी १५० रुपये. ११ घरं बाकी आहेत. दुधाचा आकडा डेअरीला उद्या सकाळी द्यायचा आहे. कृपया सहकार्य करावे.

मंदार बी-२०२, ७:१२
काका, तिकडे कुंडी फुटलीय आणि तुम्ही...

केळकरकाका खजिनदार, ७:१३
दूध वेळेवर नाही सांगितलं तर मलाच ऐकावं लागतं, मंदारराव.

अंजली ए-३०३, ७:२०
शुभांगीताई, मी लगेच खाली येऊन माफी मागितली. रोहननेही मागितली. कुंडी आम्ही आणून देणार आहोत. ग्रुपवर टाकायलाच हवं होतं का?

शुभांगीताई ए-१०४, ७:२६
अंजली, माफी पोचली. राग कुंडीचा नाही गं. तुझा मुलगा माझ्यापुढे उभा होता आणि त्याच्या पापण्या वर होत नव्हत्या. हातात तो स्टीलचा झाकणाचा ग्लास, शर्टावर सगळी कॉफी. मी विचारलं, झोपला होतास का? तर म्हणे, "नाही काकू, चार चमचे एक्स्ट्रा स्ट्राँग टाकून प्यायलोय, जागा आहे." आणि हा अहमदाबादला निघाला होता. एक्स्प्रेस वेवर मध्ये माझा ओटा नसतो.

मंदार बी-२०२, ७:२९
चार चमचे?? आमच्याकडे जावई आला तरी दीड.

पराग बी-३०१, ७:३३
खरं बोलायचं तर ए विंगच्या वळणावर ज्या तीन स्कूटर आडव्या लावलेल्या असतात त्यांचं काय? त्यामुळेच गाडी वळवायला जागा उरत नाही. मे महिन्यापासून सांगतोय.

सुनीता ए-२०१, ७:३५
त्यातली एक माझी आहे आणि ती पट्ट्याच्या आत असते. बी विंगवाल्यांनी पाहुण्यांच्या गाड्या आधी बघाव्यात.

पराग बी-३०१, ७:३६
फोटो टाकू का?

नानाकाका सी-१०२, ७:४०
स्कूटरचं नंतर बघू. सुनीता, पराग, दोघे गप्प बसा. मुलगा झोपेत गाडी चालवत होता. विषय तो आहे.

केळकरकाका खजिनदार, ७:४८
हरी ओम. कोजागरीची वर्गणी घरटी १५० रुपये. ११ घरं बाकी आहेत.

अंजली ए-३०३, ७:५२
नाना, तो मुद्दाम करतो का? रात्री साडेअकराला त्याचा अमेरिकेच्या वेळेचा कॉल असतो, अडीच वाजतात. पावणेसहाला उठतो. आठवड्यातून चार दिवस ऑफिसला हजर राहायचंच असं आहे. कॉफी नाही प्यायची तर करायचं काय? कोणी सांगा.

सुनीता ए-२०१, ७:५५
नवरात्रातल्या नऊही रात्री तो गरब्याला होता. वर दसऱ्याची रात्र. राग मानू नकोस, पण रात्री एक वाजता गेट उघडायचा आवाज आमच्या खिडकीखालीच येतो.

अंजली ए-३०३, ७:५६
बडोद्यातला मुलगा नवरात्रात गरब्याला जाणार नाही तर कुठे जाणार?

विद्या सी-२०१, ८:१५
आत्ता वाचलं. दुकान उघडायच्या आधी लिहून टाकते. रोज औषधं देते, त्यातून जे कळतं तेवढं.
कॉफीने झोप भरून निघत नाही, ती फक्त कळेनाशी होते. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफिन त्या जागा अडवून ठेवतं. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. रुमाल आहे तोवर अ‍ॅडेनोसिन उभं राहतं, पण गाडीतून उतरत नाही, आणि मागून गर्दी वाढतच असते. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. रोहनचं सकाळी तेच झालं असावं.

विद्या सी-२०१, ८:१९
दुसरं. पोटात गेलेल्यातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला जास्त. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिलं, तरी रात्रीची झोप तासाभराहून जास्त घटली. म्हणजे कॉलसाठी रात्री अकराला कॉफी घेतली तर अडीचला अंग टाकल्यावरही झोप धड लागणार नाही. सकाळी उठून परत चार चमचे. हे चाक थांबत नाही.

मंदार बी-२०२, ८:२२
विद्याताई, मग एक्स्ट्रा स्ट्राँग लिहिलेली बाटली म्हणजे नक्की काय?

विद्या सी-२०१, ८:३१
बाटली फिरवून मागचं बारीक वाच. कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के, छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एक भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. ती रंग देते, कडवटपणा देते. त्यामुळे जिभेला कडक लागली म्हणजे कॅफिन जास्त, असं नाही. बियाही दोन जातींच्या. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. निव्वळ इन्स्टंट कॉफीचा सपाट चमचा ६० मिलीग्रॅमच्या आसपास धर. चार सपाट झाले २४०, आणि रोहनचे चमचे शिगोशीग असणार. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० पर्यंत चालतं. गरोदर बायकांना दिवसभरात २००.

हेतलबेन बी-१०१, ८:३४
विद्या, मी थायरॉइडची गोळी रोज सकाळी कॉफीबरोबरच घेते. चालते ना?

विद्या सी-२०१, ८:३६
नाही हेतलबेन! उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. कॉफी अर्ध्या ते एका तासाने. कॉफीमुळे ती गोळी अंगात नीट मुरत नाही.

हेतलबेन बी-१०१, ८:३७
हाय हाय. चार वर्षं झाली.

केळकरकाका खजिनदार, ९:००
हरी ओम. कोजागरीची वर्गणी घरटी १५० रुपये. १० घरं बाकी आहेत. हेतलबेन, मिळाले.

पराग बी-३०१, ९:१२
मंदारने परवा लिहिलं होतं की यंदा कोजागरीला मसाला दुधाऐवजी तरुण मंडळींसाठी कडक कॉफीचा काउंटर ठेवू. ते अजून आहे का?

मंदार बी-२०२, ९:१४
मी लिहिलं होतं, हो. लक्ष्मी "को जागर्ति" म्हणत येते, कॉफीवाला आधी सापडेल असं वाटलं होतं 😄

शुभांगीताई ए-१०४, ९:१६
मंदार, आजच्या दिवशी नको रे.

मंदार बी-२०२, ९:१७
माफ करा ताई. काउंटर रद्द.

हेतलबेन बी-१०१, ९:२५
दुधाबरोबर मी आमचे दूध-पौंवा, म्हणजे दुधातले पोहे, करते. शरद पूनमला रात्री अगाशीवर चांदण्यात ठेवतात.

सुनीता ए-२०१, ९:२६
अगाशीची किल्ली कुणाकडे आहे? मागच्या वर्षी कुलूप तोडावं लागलं होतं, बी विंगच्या कृपेने.

नानाकाका सी-१०२, १०:४०
आता निवांत बसून लिहितो. लांब होईल, वाचा.
मी ३१ वर्षं शिफ्टमध्ये काढली. थर्ड शिफ्ट रात्री ११ ते सकाळी ७. दर तासाला पॅनेलवरची रीडिंग वहीत भरायची. घरून काळ्या कॉफीचा फ्लास्क भरून मिळायचा, तो दोनपर्यंत रिकामा व्हायचा. मोठ्या मुलीच्या परीक्षा चालू होत्या, दिवसा घरात झोप नाही, लागोपाठ सहावी रात्र. सकाळी चार्ज देताना पुढच्या शिफ्टच्या माणसाने वही माझ्यापुढे धरली. चारच्या ओळीत आकडे बरोबर. पाचच्या ओळीत तेच आकडे, पण अक्षर उतरत गेलेलं, आणि शेवटच्या आकड्यापासून पेनची एक रेघ थेट पानाच्या कडेपर्यंत ओढलेली. अक्षर माझं होतं. ती ओळ भरल्याचं मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. डोळे उघडे होते, शेजारच्याशी बोलत होतो म्हणे.
त्या तासात काही बिघडलं नाही हे नशीब. मी कुणाला बोललो नाही. त्या माणसाने पान दुमडलं आणि पुढे काम सुरू केलं. झोपेने डोळे मिटतात असं आपल्याला वाटतं. ते उघडे राहून माणूस आतून जातो, दोन सेकंद, पाच सेकंद. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पाच सेकंदांत १४० मीटर. रोहन, हे तुझ्यासाठी लिहितोय.

विद्या सी-२०१, १०:५८
नाना म्हणतात तसंच. २००३ मध्ये अमेरिकेत काही लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांच्या चुका एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या होत्या, आणि आपलं एवढं बिघडलंय हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं. रोहन तर सहाही झोपत नाही. शिवाय १७ ते १९ तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३ ची आहे.

नानाकाका सी-१०२, ११:०१
गुजरातेत दारूचं नाव काढलं तरी लोक अंगावर येतात. जागरण करून स्टिअरिंगवर बसलेल्याचं कौतुक होतं, किती राबतो पोरगा म्हणून. मला याचा फार त्रास होतो.

पराग बी-३०१, ११:०५
नाना 🙏 स्कूटरचं मी मागे घेतो.

सुनीता ए-२०१, ११:०९
माझीही मागे लावते आजपासून.

रोहन ए-३०३, दुपारी १:२०
नमस्कार. आज सुट्टी घेतली, आत्ता उठलो. सगळं वाचलं. शुभांगीकाकू, परत एकदा माफ करा.
पार्किंगमधून निघालो, आरसा नीट केला, इथवर आठवतं. पुढे थेट तुळस. मधलं काही नाही.
अजून एक आहे, ते घरी सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एक्स्प्रेस वेवर नडियादचा फलक दिसला आणि लक्षात आलं की आणंदचा दिसलाच नव्हता. तेव्हाही ग्लास भरलेला होता. मी गाणी मोठी केली आणि काच खाली घेतली.

अंजली ए-३०३, १:२२
रोहन, वर ये.

शुभांगीताई ए-१०४, १:३०
अंजली, मी चहा टाकते. लागलं तर हाक मार.

विद्या सी-२०१, १:४१
रोहन, बरं झालं सांगितलंस. गाणी आणि काच, दोन्हींनी घटकाभर बरं वाटतं, झोप जात नाही. कधी वाटेत गाठलंच तर पंपावर किंवा जेवणाच्या जागी थांबायचं, कडेच्या पट्टीवर नाही. कॉफी प्यायची आणि लगेच सीट मागे करून १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. कॅफिन चढायला तेवढाच वेळ लागतो, उठेपर्यंत दोन्हींचा उपयोग होतो. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात १९९७ मध्ये पेंगुळलेल्या चालकांवर हे करून बघितलंय, चुका कमी झाल्या. पण हे अडल्या वेळचं. रोजचं नाही.

पराग बी-३०१, २:०५
मी सात वर्षं ट्रेनच्या पासावर अहमदाबाद करतोय. आणंदपर्यंत सगळा डबा झोपलेला असतो. रोहन, सोमवारपासून माझ्याबरोबर चल. स्टेशनपर्यंत मी माझ्या स्कूटरवर नेतो.

सुनीता ए-२०१, २:०८
जी स्कूटर पट्ट्याबाहेर असते ती?

पराग बी-३०१, २:०९
तीच 🙂

केळकरकाका खजिनदार, ५:३०
हरी ओम. कोजागरीची वर्गणी घरटी १५० रुपये. ६ घरं बाकी आहेत. दूध १८ लिटर सांगतोय. कॉफी नाही, चारोळी आणि केशर आहे. ज्यांना सकाळी गाडी चालवायची आहे त्यांना नैवेद्य दाखवून साडेनऊलाच देऊ, त्यांनी झोपायला जावं.

शुभांगीताई ए-१०४, ५:३४
केळकरकाका, आज तुमचं पटलं.

रोहन ए-३०३, रात्री ९:५०
मॅनेजरशी बोललो. पुढचे दोन आठवडे कॉल दुसरा मुलगा घेतोय, पुढचं नक्की नाही. दुपारी दोननंतर कॉफी बंद केली, डोकं ठणकतंय.

विद्या सी-२०१, ९:५३
ठणकणार. रोजची एकदम तोडली की होतं तसं, दोन-चार दिवसांत उतरेल. एकदम बंद नको करूस. उद्या सकाळी एक चमचा घे, सपाट.

रोहन ए-३०३, ९:५४
हो. काकू, कुंडी उद्या खंडेराव मार्केटमधून आणतो. फोन बंद करतोय.

शुभांगीताई ए-१०४, सकाळी ६:४०
गाडी जागेवर आहे. तुळस तात्पुरती तेलाच्या डब्यात लावली, मुळं शाबूत आहेत. अंजली, दूधवाल्याला मी खालीच थांबवलंय, पिशवी माझ्याकडे आहे. तुमची बेल वाजू देत नाही.